थार रॉक्स आणि शेतकऱ्याचा माल

महिंद्राची पाच दारांची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आली. ३ ऑक्टोबरला नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या साठ मिनिटांतच १,७६,२१८ गाड्या नोंदवल्या गेल्या. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे गावाकडे किती अप्रूप आहे, ते लग्नसराईत आणि जत्रेत दिसतेच. तिच्याबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येते: शेतकऱ्याला अशीच गाडी पाहिजे. कारणही सरळ दिले जाते. शेतात चिखल असतो, पाणंदीला खड्डे असतात, ओढ्याला पाणी येते; फोर बाय फोर गाडी या सगळ्यातून निघते; म्हणून ती शेतकऱ्याच्या कामाची. यातले प्रत्येक विधान खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. शेतकरी चिखलात उतरतो तो काहीतरी आत नेण्यासाठी किंवा बाहेर काढण्यासाठी: खताची गोणी, फवारणीचा पंप, टोमॅटोचे क्रेट, कांदा, चारा. म्हणून शेतीच्या गाडीची पहिली परीक्षा वाट किती अवघड आहे यावर होत नाही. एका फेरीत किती माल निघतो आणि त्या फेरीला किती खर्च येतो, यावर ती होते. जो शेतीच्या उत्पन्नावरच घर चालवतो त्याच्यापुरते बोलायचे, तर या परीक्षेत थार रॉक्स उतरत नाही असे माझे मत आहे, आणि ते गाडी वाईट आहे म्हणून नाही.

गाडी चांगलीच आहे. शिडीसारख्या मजबूत सांगाड्यावर ती उभी आहे, ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची तिची क्षमता कंपनीने जाहीर केली आहे, आणि समोरच्या चढाला बंपर न घासता ती सुमारे ४१ अंशांच्या कोनात भिडू शकते. फोर बाय फोर प्रकारात ट्रान्सफर केस असते. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना वाटणे हे तिचे एक काम, आणि लो रेंज टाकली की चाके सावकाश पण जोरात फिरवणे हे दुसरे. मागच्या आसाला डिफरेन्शियल लॉक मिळतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला तो नवा नाही. एक चाक चिखलात नुसते गरगर फिरू लागले की पायाने पेडल दाबून दोन्ही चाके एकत्र बांधायची, ती हीच गोष्ट. सैल, निसरड्या जमिनीवर ताकद दोनऐवजी चार चाकांतून उतरली की प्रत्येक चाकावरचा ताण कमी होतो आणि घसरण थांबते. शेतरस्त्यावर याचा उपयोग नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

पण किमतीच्या जाहिरातीत दिसणारी गाडी ही गाडी नव्हे. रॉक्स १२.९९ लाखांपासून मिळते असे सांगितले गेले, त्या किमतीला येणारी गाडी पेट्रोलवर चालणारी आणि फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी होती. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आणि वरच्या प्रकारांत ठेवली गेली. तिची शोरूम किंमत सुरुवातीला १८.७९ लाखांपासून होती. म्हणजे चिखलासाठी म्हणून गाडी घेणाऱ्याने स्वस्तातली घेतली, तर त्याला मिळतो तो चिखलात चालणाऱ्या गाडीचा आकार. तीन दारांच्या थारचीही हीच वाट झाली आहे. २०२० मध्ये ती ९.८० लाखांपासून आली तेव्हा प्रत्येक प्रकारात फोर बाय फोर होती. जानेवारी २०२३ मध्ये ९.९९ लाखांपासून मागच्या चाकांवर चालणारी थार आली. एकीकडे चार चाकांची ताकद वर सरकत गेली, दुसरीकडे चेहरामोहरा खाली सगळ्यांना उपलब्ध झाला. कंपनीच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे, कारण बहुतेक ग्राहक डांबरी रस्त्यावर फिरणारे असणार. मात्र शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून गाडी बनवली असती, तर हा निर्णय बरोबर उलटा झाला असता: आतली सजावट कमी केली असती आणि चार चाकांची ताकद सगळ्यात स्वस्त प्रकारात दिली असती.

आता मालाकडे येऊ. पाच माणसे म्हणजे पावणेचारशे किलो. त्यांच्या सामानासकट बहुतेक पाच आसनी गाड्या चार-पाचशे किलोंच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. डीएपीची एक गोणी ५० किलोंची, युरियाची ४५ किलोंची. दहा गोण्या झाल्या की गाडीची क्षमता संपली, आणि त्या दहा गोण्या रचायला सपाट, धुऊन काढता येणारी मोकळी जागाही नाही. मागे गाद्या आहेत, प्लास्टिक आहे, वायरिंग आहे. शेजारी बोलेरो पिकअप उभी करून पाहा. २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली तेव्हा तिची किंमत ७.८५ लाखांपासून सुरू होती आणि प्रकारानुसार ती १.३ ते २ टन माल वाहते. १.७ टनांच्या पिकअपमध्ये २० किलोंचे टोमॅटोचे क्रेट, क्रेटचे वजन धरूनही, पाऊणशेच्या वर बसतात. हा फरक नुसता हौद्याचा नाही. पिकअपच्या मागच्या आसाखाली पट्ट्यांची स्प्रिंग असते. रिकामी गाडी तिच्यामुळे उसळते, पण भार पडला की त्या पट्ट्या एकमेकींना टेकून ताठ होतात आणि गाडी बसत नाही. रॉक्सच्या मागे कॉइल स्प्रिंग आहेत. खडबडीत वाटेवर चाक खूप खाली-वर जावे आणि आतल्या माणसाला धक्का लागू नये, यासाठी त्यांची रचना आहे. एक योजना ओझ्यासाठी आहे, दुसरी माणसांसाठी, आणि दोन्ही गुण एकाच स्प्रिंगमध्ये पूर्णपणे मिळत नाहीत.

कागदपत्रांची बाजूही इथेच पाहायला हवी, कारण तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याची वाहतूक आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून इतर मालाची वाहतूक, या दोन्ही गोष्टी त्यातून वगळलेल्या असतात. बाजार समितीच्या वाटेवर मागे मिरचीची पोती भरलेली असताना अपघात झाला, तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. शेतमाल स्वतःचा आहे, भाडे घेतलेले नाही, एवढे म्हणून भागेलच असे नाही. पांढऱ्या पाटीच्या प्रवासी गाडीला शेतीची गाडी म्हणून वागवायचे ठरवले, की ही जोखीम दर फेरीला सोबत येते.

एकच गाडी सगळे करील, ही कल्पना आजची नाही, आणि तिचे काय झाले हे इतिहासात नोंदलेले आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर विलिज कंपनीने लष्करी जीपची नागरी आवृत्ती, सीजे-२ए, १९४५ मध्ये अमेरिकन शेतकऱ्यांपुढे ठेवली. नांगर ओढेल, माल वाहील, मागच्या शाफ्टवर यंत्रे फिरवील आणि रविवारी कुटुंबाला घेऊन जाईल, असा तिचा प्रचार होता. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या अँगलसी बेटावरच्या शेतात अशीच एक लष्करी जीप वापरात होती; तिच्यावरून सुचलेली लँड रोव्हर एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. पोलादाची टंचाई असल्याने तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते आणि शेतीची यंत्रे चालवण्यासाठी तिलाही पॉवर टेक-ऑफ जोडता येत असे. या गाड्या खऱ्या अर्थाने शेतीसाठी आखलेल्या होत्या. तरीही नांगरटीत त्या ट्रॅक्टरपुढे टिकल्या नाहीत. हॅरी फर्ग्युसन यांची तीन सांध्यांची हायड्रॉलिक जोडणी १९३९ मध्येच फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली होती. तिच्यात अवजार जमिनीत रुतले की त्याची ओढ मागच्या चाकांवर भार म्हणून येते. काम जितके जड, तितकी चाकांची पकड घट्ट. जीपला हे साधत नव्हते. तिचे गिअरही नांगरटीच्या संथ चालीसाठी नव्हते, आणि तासन्‌तास सावकाश चालून पूर्ण ताकद देणे हे तिच्या इंजिनाचे काम नव्हते. शेतातली कामे अशी वेगवेगळी झाली: ओढण्याचे काम ट्रॅक्टरकडे गेले, वाहण्याचे ट्रककडे, माणसांची ये-जा उरली ती जीपकडे.

आपल्याकडे ही विभागणी एकाच कंपनीच्या घरात झाली, म्हणून ती अधिक स्पष्ट दिसते. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीप आणायला सुरुवात केली. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत त्यांनी ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि आज संख्येच्या हिशेबाने महिंद्रा जगातला सगळ्यात मोठा ट्रॅक्टर उत्पादक आहे. मधल्या काळात जीपच्या वंशातून कमांडर आणि मार्शल निघाल्या. पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणून, इतरत्र काळी-पिवळी म्हणून, त्यांनी आणि टेम्पो ट्रॅक्सने एसटी न पोचलेली गावे तालुक्याला जोडली. त्या गाड्यांत मागे समोरासमोर बाकडी असत आणि टपावर भाजीच्या पाट्या. त्यांच्यावर शेतकऱ्याचा जीव होता तो उगाच नव्हता. पण नंतर त्या वंशाच्या दोन शाखा झाल्या. मालवाहू शाखा पिकअपकडे गेली, हौसेची शाखा थारकडे. आज नाव आणि नाकाची ठेवण थारकडे आहे, काम पिकअपकडे आहे. लोकांचा गोंधळ इथे होतो. आजोबांच्या जीपची आठवण ते थारमध्ये शोधतात, पण त्या जीपचे काम आता थारच्या वाट्याला आलेलेच नाही.

करआकारणीतही ही विभागणी स्वच्छ दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रॉक्ससारख्या मोठ्या गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी उपकरासह तो ४८ टक्के होता. मालवाहू गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर. कर्जातही तसेच. ट्रॅक्टरचे कर्ज शेतीकर्ज म्हणून प्राधान्य क्षेत्रात मोजले जाते. महाडीबीटीवर अर्ज करून लहान शेतकऱ्याला, महिलेला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळू शकते. थारसाठी मिळते ते साधे वाहनकर्ज. अठरा-एकोणीस लाखांच्या गाडीसाठी पंधरा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३१,५०० रुपये होतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७व्या फेरीत, म्हणजे २०१८-१९ साली, महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ११,४९२ रुपये निघाले होते, तेही मजुरी, दूधदुभते सगळे धरून. तो आकडा आज वाढला असेल असे धरले, अगदी दुप्पट झाला असे धरले, तरी हप्ता उत्पन्नापेक्षा मोठाच राहतो. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो आणि शेतीचा पैसा हंगामाला. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी हप्ता काही पडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सरासरीने फसवू नका. राज्यातले सरासरी शेत २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होते हे खरे, पण निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार किंवा सांगली-कोल्हापूरचा मोठा ऊस उत्पादक या सरासरीत बसत नाही. बरोबर आहे. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, मालासाठी पिकअप आहे आणि तिसरी गाडी घेण्याची ऐपत आहे, त्याने रॉक्स घ्यावी. बागेत फेरी मारायला, दूरच्या बाजारपेठेत जायला, घरच्यांना घेऊन जायला ती उत्तम आहे. प्रतिष्ठेसाठी घेतली तरी त्यात लाजण्यासारखे काही नाही. शहरातला माणूस मोठ्या गाडीतून मान मिळवतो तेव्हा त्याला कोणी हिशेब विचारत नाही, मग शेतकऱ्यालाच का विचारावा? माझा आक्षेप आहे तो प्रतिष्ठेचा खर्च अवजाराच्या खात्यावर मांडण्याला. तिसरी गाडी म्हणून जी योग्य आहे, ती पहिली आणि एकुलती गाडी म्हणून घेतली की माल काढायला दर वेळी भाड्याची पिकअप सांगावीच लागते. हप्ता एका गाडीचा जातो आणि भाडे दुसरीचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पावसाळ्यात वस्तीवरून रात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस न्यायचा असेल तर पिकअपचा हौदा कामाचा नाही आणि ट्रॅक्टर तर मुळीच नाही. अशा वेळी चार चाकांची ताकद जीव वाचवते. हे मान्य केलेच पाहिजे. पण आपल्या मातीत तिची मर्यादाही ओळखायला हवी. दख्खनच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा तिने भरल्या की टायर गुळगुळीत होतो, आणि मग चार चाके फिरली तरी चारही घसरतात. ट्रॅक्टरचे मागचे चाक तिथे चालते, कारण त्याच्या उंच तिरक्या दातांमधून चिखल बाहेर फेकला जातो, चाक मोठे असते आणि पोट जमिनीपासून बरेच वर असते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडलेल्या पाणंदीत रॉक्सची चाके चाकोरीत उतरतात आणि पोट मधल्या उंचवट्यावर टेकते. त्यानंतर ट्रान्सफर केसचा काही उपयोग उरत नाही. म्हणून जिथे पाणंद खरोखर वाईट आहे, तिथे वीस लाखांची गाडी हे एका घराचे आणि तेही अर्धवट उत्तर आहे. अशा वाटांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये राज्यात सुरू झाली. खडी, मुरूम आणि बाजूला पाणी काढायची चारी एवढे झाले की त्या वाटेने साधी रुग्णवाहिकाही येते. अशा वाटेसाठी ग्रामसभेत धरलेला आग्रह वस्तीवरच्या प्रत्येक घराच्या कामी येतो.

ब्रिटनमध्ये शेतकरी फोर बाय फोर वापरतातच ना, असेही विचारले जाते. वापरतात, आणि त्याला कारण आहे. तिथे गाडीमागे ट्रेलर जोडायची रीत सर्वत्र आहे. इनिओस कंपनीची ग्रेनेडियर ही २०२२ पासून तयार होणारी गाडी साडेतीन टन वजनाचा ट्रेलर ओढते. तिचे आस करारो या ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या इटालियन कंपनीचे आहेत. मेंढ्या, गवताचे गठ्ठे, खोदायचे छोटे यंत्र, सगळे मागच्या ट्रेलरमध्ये जाते आणि गाडी फक्त ओढते. म्हणून आत पाच आसने असली तरी तिथे ती शेतीची गाडी ठरू शकते. आपल्याकडे ट्रेलर म्हटला की तो ट्रॅक्टरचाच. मोटारीमागे ट्रेलर लावण्याची ना रीत आहे, ना तशी पुरेशी सोय. तिथली गाडी उचलून तिथला निष्कर्ष इथे लावला की हा एवढा मोठा दुवा मधून गळतो.

लहान जमिनीच्या शेतकऱ्याला फोर बाय फोर मिळूच शकत नाही असा याचा अर्थ मात्र नाही, आणि याचा पुरावा जपानमध्ये आहे. तिथल्या शेताचे सरासरी आकारमान तीन हेक्टरांच्या आसपास आहे, भातखाचरे चिखलाची आहेत, बांधावरच्या वाटा अरुंद आहेत. तिथल्या शेतकऱ्याची गाडी म्हणजे केई ट्रक. कायद्याने ठरवलेली तिची लांबी ३.४ मीटरपर्यंत, रुंदी १.४८ मीटरपर्यंत, इंजिन ६६० सीसीपर्यंत, आणि माल ३५० किलो. एवढ्याशा गाडीत चार चाकांची ताकद मिळते, शेतीसाठीच्या खास प्रकारांत अगदी संथ चालीचा गिअर आणि डिफरेन्शियल लॉकही मिळतो. हौद्याच्या तिन्ही बाजू खाली पाडता येतात, त्यामुळे माल कुठूनही चढवता येतो. सुबारूची सांबर तर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत, त्यांच्यासाठीच्या वेगळ्या प्रकारात विकली जात असे. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या महाराष्ट्राने या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. शंभर गावांची मागणी एकत्र करून उत्पादकापुढे ठेवण्याची ताकद आपल्या संस्थांत आहे. ती आजवर गाडीच्या बाबतीत वापरली गेलेली नाही.

तंत्रज्ञान परके आहे असेही नाही. याच जपानी ट्रकच्या कुळातली सुपर कॅरी मारुती २०१६ पासून भारतात विकते आहे. ती ७४० किलो माल वाहते, पण तिला ताकद मिळते ती फक्त मागच्या चाकांना. टाटाचा छोटा हत्ती २००५ पासून गावोगाव फिरतो आहे, त्याचीही गोष्ट तीच. या आकाराच्या मालवाहू गाडीला पुढचा चालता आस, एक लो गिअर आणि मागे डिफरेन्शियल लॉक मिळाला, तर किंमत दीड-दोन लाखांनी वाढली तरी कोकणातल्या आंबा बागायतदारापासून मावळातल्या भात उत्पादकापर्यंत अनेकांना तिचा हिशेब जुळेल, असे मला वाटते. तोवर ज्याला चार चाकांची ताकद खरोखर लागते आणि माणसेही न्यायची असतात, त्याने थारच्या शोरूममध्ये जाण्याआधी बोलेरो कॅम्परचा फोर बाय फोर प्रकार पाहावा. पुढे दोन ओळींत माणसे बसतात, मागच्या हौद्यात टनभर माल जातो, पट्ट्यांच्या स्प्रिंग तालुक्याच्या गॅरेजमध्ये बदलून मिळतात. आणि ज्याची जमीन दोन-तीन एकर आहे, त्याने हंगामापुरती पिकअप भाड्याने सांगावी आणि हप्त्याला गेले असते ते पैसे आधी ठिबकला किंवा कांदाचाळीला लावावेत. चाळीत साठवलेला कांदा भाव येईपर्यंत थांबवता येतो.